तिशीनंतर बीडीएस: नोकरी, नीट, सीईटी सेल आणि जुने कागद

बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, प्रवेश घ्यायला वयाची वरची मर्यादा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. पूर्वी नीट या वैद्यकीय-दंत प्रवेश परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि आरक्षित प्रवर्गांना ३० वर्षांची अट होती. ती बराच काळ कोर्टकचेरीत अडकली होती. मार्च २०२२ मध्ये ती काढून टाकल्याचं जाहीर झालं. खालची अट तेवढी उरली: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही. तेव्हा "या वयात चालतं का?" हा प्रश्न सोडून द्या. अडतं ते दुसरीकडेच. बारावीच्या मार्कशीटवरची मुलगी आणि आज पगार घेणारी बाई एकच आहे हे कागदोपत्री दाखवताना अडतं, आणि मार्कांऐवजी रँक बघायची सवय नसल्यामुळे अडतं.

माझी पार्श्वभूमी दोन ओळींत: बारावी २०१२, मग मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, मग आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात नोकरी. नीट २०२५ दिली आणि सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात राज्य कोट्याची सीट मिळाली. पुढच्या तारखा त्या वर्षाच्या आहेत. दरवर्षी त्या हलतात, क्रम मात्र तोच राहतो.

ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली, बारावीचं मार्कशीट. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय पास हवेत, आणि पहिले तीन (पीसीबी) मिळून खुल्या प्रवर्गाला ३०० पैकी १५०, आरक्षित प्रवर्गांना १२०. पदवीला कितीही चांगले मार्क असले तरी इथे त्यांचा उपयोग नाही. ज्यांनी अकरावीला बायफोकल (व्यावसायिक विषयाचा पर्याय) घेऊन बायॉलॉजी सोडली आणि कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यांची गाडी इथेच थांबते. राज्य मंडळाकडून तुरळक विषय म्हणून बायॉलॉजीचा पेपर देण्याची सोय आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायॉलॉजी देणाऱ्यांना मान्यता दिली, पण एनएमसीचं क्षेत्र एमबीबीएसचं. बीडीएस दंतशिक्षणाच्या वेगळ्या नियामक संस्थेकडे येतं. त्या वर्षीच्या नीटच्या आणि सीईटी सेलच्या माहितीपत्रकात पात्रतेचं कलम शब्दन् शब्द वाचल्याशिवाय क्लासचे पैसे भरू नका.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: हात तपासा. नीटमध्ये हाताचं कौशल्य कुठेच बघितलं जात नाही, पण पहिल्या वर्षाच्या डेंटल अ‍ॅनाटॉमीत मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लागतात आणि पुढची चार वर्षं सगळं हातावरच चालतं. कार्व्हिंग वॅक्सचे ठोकळे आणि लेक्रॉन कार्व्हर (मेण कोरायचं हत्यार) डेंटल मटेरियलच्या दुकानात मिळतात आणि खर्चही फार नाही. वरचा मधला पटाशीचा दात घ्या. पुस्तकी मापं अशी: क्राउनची (हिरडीबाहेरच्या भागाची) उंची साडेदहा मिलिमीटर, रुंदी साडेआठ, पुढून मागे सात, मूळ तेरा. नवख्याने सगळं दुप्पट मापात करावं. ठोकळ्याच्या समोरच्या बाजूवर दाताची बाह्यरेषा आखा आणि तिच्याबाहेरचं मेण आरपार काढा. मग बाजूने बघून तीच कृती. आता चौकोनी पण दातासारखं काहीतरी हातात येतं. त्यानंतरच कडा गोल करायला घ्या. मध्यरेषेकडचा कोपरा टोकदार आणि लांबचा कोपरा गोलसर, हा फरक दिसला पाहिजे. तो नसेल तर उजवा दात की डावा हे परीक्षकाला कळतच नाही. चुकतं ते बहुधा एकाच कारणाने: एका दमात जाड काप काढायला गेलं की मेण कपचतं आणि गेलेलं मेण परत लावता येत नाही. मुंबईच्या मे महिन्यात मेण हातातच मऊ पडतं, म्हणून सकाळी बसा. दात कसा झाला हे महत्त्वाचं नाही. दोन तास मान खाली घालून हे करताना कंटाळा आला की वेळ कसा गेला ते कळलंच नाही, एवढंच स्वतःला विचारा. ओळखीच्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये काही शनिवार नुसतं उभं राहून बघता आलं तर त्याहून बरं. पाठ आणि मान या धंद्यात पहिल्यांदा तक्रार करतात, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

शिवाय हेही डोक्यात पक्कं असू द्या: चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, आणि थिअरी व प्रॅक्टिकल दोन्हीला ७५ टक्के हजेरी. सोबत पूर्णवेळ नोकरी जमत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात शेवटच्या वर्षाच्या एक्झिट टेस्टची (परवान्यासाठीच्या परीक्षेची) तरतूद आहे, तीही धरून चाला.

फेब्रुवारी–मार्च: अर्ज आणि नावाचा घोळ

नीट २०२५ चे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च चालू होते, दुरुस्तीची खिडकी ९ ते ११ मार्च. फी खुल्या प्रवर्गाला १७००, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला १६००, एससी, एसटी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना १०००. आधीच बारावी झालेल्यांनी पात्रता कोडच्या रकान्यात ०२ निवडायचा. ०१ हा त्या वर्षी बारावीला बसलेल्यांचा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, दोन्ही कान दिसणारा, आणि पासपोर्टसोबत ४ बाय ६ इंचाचा पोस्टकार्ड साइज फोटोही लागतो. स्टुडिओत एकाच वेळी पासपोर्टच्या सात-आठ आणि पोस्टकार्डच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. परीक्षेला, प्रवेशाला, सगळीकडे तोच फोटो मागतात आणि वर्षभराने तसाच दुसरा निघत नाही. डाव्या-उजव्या हाताच्या बोटांचे ठसे कागदावर घेऊन स्कॅन करायचे. शाई पातळ लावा, नाहीतर नुसता डाग येतो.

आता नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर आणखी तिसरंच, अशी अवस्था असलेल्या बायका मुंबईत घराघरांत आहेत. नीटचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचा असतो आणि आधारची पडताळणी तिथेच होते, त्यामुळे दोन्ही जुळले नाहीत की अर्ज अडखळतो. मार्ग दोन. एक, आधार पुन्हा दहावीप्रमाणे करून घेणं. दुसरा, लग्नानंतरचं नाव राजपत्रात छापून घेणं आणि ते प्रत्येक ठिकाणी जोडणं. माझं मत पहिल्या मार्गाला. शिक्षणाचे सगळे कागद जुन्या नावाने आहेत, पुढे विद्यापीठाची पदवी आणि डेंटल कौन्सिलची नोंदणीही त्याच साखळीतून येणार. मग मधेच नाव बदलून प्रत्येक टेबलावर खुलासा करत कशाला बसायचं? महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मिळालेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र मात्र फाइलमध्ये ठेवाच. बँक, कर्ज आणि ऑफिसचं अनुभवपत्र सासरच्या नावाने असतात, आणि दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा तोच एक कागद. आधारमधला बदल अर्ज सुरू व्हायच्या निदान दोन महिने आधी करा. वडिलांचं आणि आईचं नाव, त्यातलं एखादं अक्षर, जन्मतारीख हेही त्याच वेळी ताडून घ्या.

नोकरी सांभाळून अभ्यास

यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून नोकरदारांपुरतं थोडक्यात. २०२५ पासून पेपर पुन्हा १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा झाला: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायॉलॉजी ९०. बरोबरला चार, चुकल्यास उणे एक, एकूण ७२०. आधीच्या काही वर्षांच्या पेपरांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे होते आणि २०२२ ते २०२४ मध्ये वीस मिनिटंही जास्त होती. ते पेपर सोडवताना वेळ तीनच तास लावा, नाहीतर स्वतःबद्दल खोटा अंदाज येतो.

निम्मे मार्क बायॉलॉजीचे, आणि बायॉलॉजी एनसीईआरटीच्या पुस्तकाबाहेर फारशी जात नाही. ती लोकलमध्ये होते, अगदी उभ्याने. फिजिक्स लोकलमध्ये होत नाही. ते ऑफिसला जायच्या आधी पहाटेच, कारण संध्याकाळी सातनंतर डोकं गणित करायला तयार नसतं. ज्यांनी जुन्या अभ्यासक्रमातून बारावी केली त्यांनी आठवणीवर विसंबू नये. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदलला, काही धडे गेले. अधिकृत यादी छापून भिंतीवर लावा आणि जुन्या नोट्समधली गेलेली प्रकरणं सरळ फाडून टाका. पेपर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत एकत्र छापलेलाही घेता येतो, महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. पदवी इंग्रजीतून झालेल्यांना त्याचा फायदा थोडाच, पण बारावी मराठीतून केलेल्यांनी जरूर विचार करावा.

सराव परीक्षा रविवारी दुपारी दोन ते पाच याच वेळेत द्या. खरी परीक्षा त्याच वेळी असते आणि नोकरदार माणसाला रविवारची ती वेळ झोपेची असते. ओएमआर शीटवर पेनाने १८० गोळे भरायला जो वेळ लागतो तो मोबाइलवर टेस्ट देऊन कळत नाही. छापील शीट आणून भरा. भरपगारी रजा साठवून एप्रिलमध्ये लावता आली तर ती सगळ्यात चांगली गुंतवणूक. राजीनामा मात्र नाही. त्याबद्दल पुढे.

४ मे: परीक्षा

परीक्षेचं शहर कळवणारी स्लिप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली, प्रवेशपत्र ३० एप्रिलच्या सुमारास. परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी, म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक आलाच. शनिवारी संध्याकाळी तिन्ही मार्गांचं ब्लॉकचं पत्रक बघा आणि केंद्र दुसऱ्या लाइनवर असेल तर दोन तास हातात ठेवून निघा. गेट दुपारी दीडला बंद होतं आणि त्यानंतर कोणालाही आत घेत नाहीत.

अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल किंवा कमी टाचेचे सँडल, बूट नकोत. धातूचं काहीही चालत नाही. लग्न झालेल्या बायकांनी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून यावं; गेटवर जोडवी निघत नाहीत आणि मागे रांग वाढत जाते. पेन केंद्रावर मिळतो. पारदर्शक बाटलीत पाणी नेता येतं. प्रवेशपत्र, ओळखपत्राची मूळ प्रत, आणि पोस्टकार्ड फोटो चिकटवलेलं पान विसरू नका. रांगेत "पालकांनी बाजूला थांबा" असं कोणीतरी म्हणतंच. प्रवेशपत्र दाखवायचं आणि पुढे सरकायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. २०२५ चं फिजिक्स भलतंच अवघड होतं. बाहेर येताना अठरा वर्षांची मुलं रडत होती आणि मला, खरं सांगायचं तर, थोडा धीर आला.

१४ जूनपर्यंतची वाट, आणि मार्क कसे वाचायचे

तात्पुरती उत्तरतालिका ३ जूनला, हरकती ५ जूनपर्यंत, दर प्रश्नाला २०० रुपये. निकाल १४ जूनला. या सहा आठवड्यांत मार्क मोजत बसून काही हाती लागत नाही, आणि त्याचं कारण आकड्यांतच आहे. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइल (निम्मे परीक्षार्थी ज्याच्या खाली) असते. ती २०२३ ला १३७ मार्कांवर होती, २०२४ ला १६२ वर, २०२५ ला १४४ वर. २०२४ ला ६७ जणांना पैकीच्या पैकी मिळाल्याचं आधी जाहीर झालं, मग वाढीव गुणांचा वाद, १५६३ जणांसाठी फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट. २०२५ ला पहिल्या आलेल्या मुलाचे मार्कच ६८६. म्हणजे मागच्या वर्षी अमुक मार्कांना अमुक कॉलेज मिळालं, हे वाक्य यंदा निरुपयोगी आहे. रँक बघायची. त्यातही ऑल इंडिया रँक नव्हे, तर सीईटी सेल राज्याची जी गुणवत्ता यादी लावते त्यातला तुमचा क्रमांक, ज्याला सगळे एसएमएल म्हणतात.

निकाल आणि नोंदणी यांच्यातल्या महिन्यात हे काम करा. मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या वाटप याद्या सीईटी सेलच्या साइटवर पीडीएफमध्ये असतात. त्यातून फक्त बीडीएसची कॉलेजं काढा आणि प्रत्येकाचा तुमच्या प्रवर्गातला शेवटचा एसएमएल क्रमांक फेरीनिहाय एक्सेलमध्ये मांडा. महिलांचं ३० टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण वेगळ्या रकान्यात. मग एक गोष्ट ठळक दिसते: एमबीबीएसपेक्षा बीडीएसचा कटऑफ पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत कितीतरी जास्त घसरतो. कारण पहिल्या फेरीत बीडीएस मिळालेली पुष्कळ मुलं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एमबीबीएसला सरकतात आणि त्यांच्या जागा रिकाम्या होतात. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून ज्यांनी हातपाय गाळले, त्यांनी हे तक्ते बघितलेले नसतात. पात्रतेच्या रेषेखाली राहिलेल्यांसाठी एवढंच: २०२०-२१ साठी बीडीएसची पर्सेंटाइल सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने दहाने कमी झाली होती, पण तशा आशेवर वर्ष काढू नये.

जुलैअखेर: दोन दारं

मुंबईकरांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय महापालिकेचं आहे. या दोन्हींच्या राज्य कोट्याच्या जागा सीईटी सेल भरते, १५ टक्के अखिल भारतीय जागा दिल्लीची एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती). नेरूळचं तेरणा, खारघरचं वायएमटी ही खासगी कॉलेजं सीईटी सेलकडे. पण नेरूळचंच डी. वाय. पाटील आणि बेलापूरचं भारती विद्यापीठ हे अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत मोडतात, ते एमसीसीकडे. हार्बर लाइनवर दोन-तीन स्टेशनांच्या अंतरातल्या कॉलेजांसाठी दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या फी, दोन वेगळी वेळापत्रकं. एमसीसीला अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला नोंदणीचे १००० आणि परताव्याची अनामत १०,०००. अभिमतसाठी नोंदणी ५००० आणि अनामत २ लाख. उशिराच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर ती अनामत जाते. अभिमत कॉलेजची पाच वर्षांची फी आधी बेरीज करून बघा, मगच तो रकाना भरा.

राज्याची नोंदणी २०२५ ला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली आणि मुदतवाढी मिळत गेल्या. सीईटी सेलचं ऑफिस फोर्टला, सीएसएमटीच्या जवळ न्यू एक्सेलसियर इमारतीत आहे. पण बहुतेक सगळं पोर्टलवरच होतं, तिथे जाऊन काम लवकर होतं असं नाही. मुदत वाढेल असं धरून कागद मागे ठेवू नका.

कागदांची नेहमीची यादी माहितीपत्रकात असते. नोकरदारांना नडतात ते कागद वेगळे. शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला तुमच्याकडे नसतो. तो पदवीच्या प्रवेशाच्या वेळी तिथे जमा झालेला असतो. आता पदवी कॉलेजातून दाखला काढायचा, आणि तेरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला तिथल्या क्लार्कला वेळ लागतो. मे महिन्यात कॉलेज अर्धं बंद असतं. मार्चमध्येच अर्ज देऊन ठेवा. प्रवेशाच्या वेळी मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचं प्रमाणपत्र) मागितलं तर कलिनाला मुंबई विद्यापीठात जावं लागतं, म्हणून कॉलेजला फोन करून आधीच विचारा.

शिक्षणात खंड असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात "घरी होते" असं मोघम लिहू नका. कोणत्या वर्षी पदवी, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे नोकरी, या काळात दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश नव्हता, असं सलग लिहा आणि अनुभवपत्राची प्रत जोडा. डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) बारावीच्या वेळी काढलेलं असेल तर शोधा. नसेल तर आपले सरकार पोर्टलवर अर्ज. शहरातल्यांचं काम फोर्टच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, उपनगरातल्यांचं वांद्रे पूर्वेला. जून-जुलैत सगळ्या मुंबईची मुलं तिथेच असतात, तुम्ही फेब्रुवारीत काढा. मार्च २०२५ मध्ये सरकारने जात, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क माफ केलं. तरी बाहेरचा एजंट स्टँप पेपर घ्यायला सांगेल, ऐकू नका.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यांत आधी हातात घ्यावं. बीकॉम, बीएस्सीला ते लागलं नव्हतं म्हणून पुष्कळांकडे नसतंच, आणि ते महिन्यांच्या हिशेबाने मिळतं. वडिलांचं किंवा सख्ख्या भावंडाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर प्रकरण बरंच सोपं होतं. नॉन-क्रीमी लेयर चालू आर्थिक वर्षाचं हवं, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं. यात आईवडिलांची स्थिती बघतात, तुमचा स्वतःचा पगार नव्हे. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीतही तेच.

पसंतीक्रम

एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात, गट अ मध्ये येतात, आणि पसंतीक्रमांच्या संख्येला मर्यादा नाही. नियमांतला एक सापळा: पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर प्रक्रियेतून बाहेर. म्हणून गंमत म्हणून पहिला क्रमांक भरू नका. ज्यांना दंतवैद्यकच करायचं आहे त्यांनी मित्रमैत्रिणींच्या आग्रहाखातर वर एमबीबीएसची कॉलेजं भरायची काही गरज नाही. यादी मनातल्या आवडीने लावा, कटऑफप्रमाणे नव्हे. वरचं कॉलेज मिळालं नाही तरी खालच्याची संधी त्यामुळे कमी होत नाही.

जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर होऊन प्रवेश घ्यायचा. पुढच्या फेरीत बदल हवा असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा नाही. हेच कॉलेज पक्कं असेल तरच भरायचा. काही वेळा काउंटरवरचा माणूस सगळ्या कागदांबरोबर तोही पुढे सरकवतो. सही करण्याआधी कागदाचं शीर्षक वाचा. एकदा भरला की पुढच्या फेऱ्यांत तुमचं नाव नाही.

राजीनामा, फी, कर्ज

वाटप यादी लागल्यापासून हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. नोटीस पीरियड एक ते तीन महिन्यांचा. हे गणित बसत नाही, म्हणून ऑफिसात वरिष्ठांना जुलैतच विश्वासात घ्या आणि नोटिशीऐवजी पगार भरून सुटता येतं का ते नियुक्तिपत्रात बघा. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा विचार करून तारीख ठरवा. जागा हातात येण्याआधी राजीनामा देणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही, पण निकाल जूनचा आणि फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत चालतात. एवढे महिने बिनपगारी काढायची तयारी हवी.

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या साइटवर असतात. काउंटरवर त्याहून वेगळा आकडा सांगितला तर छापील पावती मागा. वसतिगृह, मेस वेगळं. संस्था कोट्यातल्या १५ टक्के जागांची फी कित्येक पट असते, दोन्हींची गल्लत करू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आधीची पदवी आणि आधीची नोकरी असताना उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावे आणि कसा द्यायचा, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता देण्याची सरकारी हमी योजना आहे. बँकेत मात्र सहकर्जदाराचा पगार बघतात, कारण तुमचा आता बंद होणार असतो. नवरा किंवा आईवडील यांच्यापैकी कोणाचा पगार दाखवायचा हे आधी ठरवा, आणि नोकरी चालू असतानाच पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ काढून ठेवा. जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून आधी सगळं स्कॅन करा आणि साक्षांकित प्रतींचे तीन-चार संच घ्या. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र माहितीपत्रकातल्या नमुन्यातच हवं. डॉक्टरच्या लेटरहेडवरचं परत पाठवतात. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्यासोबत पालकाचीही सही लागते. एकतिसाव्या वर्षी वडिलांना सही करायला घेऊन जायची ही एकच वेळ, त्यांनाही तोवर मजा वाटायला लागलेली असते.

हेपटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर प्रवेशाच्या आठवड्यातच पहिला डोस घ्या. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे पेशंटजवळ जायच्या आधी कोर्स पुरा होतो. पहिल्या वर्षाला अ‍ॅप्रन, मेण आणि कोरायची हत्यारं एवढंच लागतं. टायपोडॉन्ट (सरावाचा कृत्रिम जबडा), मायक्रोमोटर आणि हँडपीस (दात कोरायचं यंत्र) हा मोठा खर्च दुसऱ्या वर्षाचा. आर्टिक्युलेटर (जबड्याची हालचाल दाखवणारं साधन), ट्रे, टायपोडॉन्टची चौकट पास झालेल्या सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळतात आणि चांगली चालतात. हँडपीस जुना घेऊ नका. आतले बेअरिंग किती झिजलेत ते बाहेरून कळत नाही, आणि दुरुस्तीला गेला की प्रॅक्टिकलच्या दिवशी तुम्ही मोकळ्या हाताने उभे.